चुकीचे कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. चुकीला मात्र ही म्हण लावू नये, असे माझे मत आहे. चूक कोणाच्या घरी जन्मली, कोणाच्या बोटाला धरून चालू लागली आणि शेवटी कोणाच्या पदरात पडली, हे शोधून काढण्यासारखी दुसरी करमणूक नाही. दिवाळीच्या दिवसांत चकली मोडता मोडता करावी अशीच ती आहे. शोध संपेपर्यंत माणूस थोडा गंभीर होतो खरा. पण फराळाच्या ताटात एखादे कारले नसेल तर गोडाची गोडी तरी कशी कळावी?

पेशाने मी मास्तर आहे. कॉलेजची पायरी मी चढलेलो नाही. मॅट्रिकनंतर जे शिकलो ते पुस्तकांकडून आणि मुलांकडून. कादंबऱ्याही लिहितो. म्हणजे दिवसा दुसऱ्यांच्या चुका तपासायच्या आणि रात्री आपले लिहिलेले मुद्रितशोधकाच्या स्वाधीन करायचे, असा दुहेरी संसार आहे. तेव्हा चुकांच्या शब्दांविषयी मला कुतूहल असावे यात नवल नाही.

वर्गातली मुले हल्ली 'ब्लूपर' हा शब्द सर्रास वापरतात. सिनेमात नटाची जीभ घसरली, बातम्या वाचणाऱ्याने भलतेच नाव घेतले, की तो ब्लूपर. शब्द अमेरिकेतला, आणि त्याचे मूळ रेडिओत आहे. १९२०च्या दशकात घरोघरी जे रेडिओसंच होते त्यांत एक खोड होती. कळ जरा जास्त पिळली गेली की संच ऐकायचे सोडून स्वतःच ओरडू लागे, आणि ती किंकाळी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या संचांतून निघे. शेजारी बिचारा गाणे ऐकत बसलेला. मध्येच 'ब्लूऽप' असा आवाज! अशा उपद्रवी संचाला ब्लूपर म्हणू लागले. पुढे चारचौघांत झालेल्या फजितीला तो शब्द चिकटला. १९५०च्या दशकात कर्मिट शेफर नावाच्या गृहस्थाने रेडिओ-टेलिव्हिजनवरच्या अशा फजित्या गोळा करून त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या, आणि लोकांनी त्या पैसे मोजून घेतल्या. दुसऱ्याची चूक पैसे देऊन विकत घ्यावी इतकी ती गोड असते!

या शब्दाच्या जन्मकथेत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कळ पिळणारा एकीकडे, आणि आवाज निघतो तो दुसऱ्याच्या घरातून. चुकीचा आणि तिच्या फळाचा पत्ता बहुधा एक नसतो. आपल्या मराठी चुकांचे कूळ शोधताना हेच पुन्हा पुन्हा दिसेल.

आपल्या भाषेत चुकांचा काही तुटवडा नाही, आणि शब्दांचाही नाही. गफलत अरबीतून आली आणि घरचीच होऊन बसली. घोटाळा आहे, घोळ आहे, गोंधळ आहे. साध्या चुकीने भागत नाही तेव्हा आपण 'घोडचूक' म्हणतो. त्या घोडचुकीत घोड्याचा काहीच अपराध नाही. 'घोड' म्हणजे वाजवीपेक्षा मोठे. वय उलटून गेलेला तो घोडनवरा, तशी प्रमाणाबाहेर वाढलेली ती घोडचूक. इंग्रजीतही मुळ्याच्या एका जाड्या, तिखट भाऊबंदाच्या नावामागे असाच घोडा जोडलेला आहे. पाहा, बिचाऱ्या जनावराच्या पाठीवर कोणी काय लादावे!

पण मराठीतली खरी वजनदार चूक म्हणजे 'ध चा मा'. तिच्यामागे इतिहास आहे आणि रक्तही आहे.

*

३० ऑगस्ट १७७३. पुण्यात गणेशोत्सवाचे दिवस. शनिवारवाड्यात दुपारच्या वेळी गारदी शिरले. थोरले माधवराव नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला वारले होते आणि त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला होता. वय उणेपुरे १८. चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, वाड्यातच नजरकैदेत. गारद्यांच्या पुढाऱ्यांत सुमेरसिंग. मुलगा जिवाच्या आकांताने चुलत्याकडे धावला, त्याच्या गळ्यात पडला, आणि तेथेच मारला गेला. 'काका, मला वाचवा' ही हाक तेव्हापासून महाराष्ट्राच्या कानांत आहे.

कथा अशी सांगतात की, दादांनी गारद्यांना जो कागद दिला त्यात 'नारायणरावांस धरावे' असे होते. दादांच्या पत्नी आनंदीबाई यांनी मधल्या मध्ये 'ध'चा 'मा' केला आणि 'धरावे'चे 'मारावे' झाले. एका अक्षराने राज्य बुडवले! गोष्ट इतकी नेटकी आहे की ती ऐकताना शंका काढण्याचे सुचत नाही. मी मात्र मास्तर पडलो. अक्षरावर अक्षर गिरवलेले दिसले की मला ती वही उजेडात धरून पाहावीशी वाटते.

तर पाहू या. त्या काळचा दरबारी कागद मोडी लिपीत लिहिलेला असणार. मोडीत आधी शिरोरेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरे सलग, शब्द न तोडता, लिहीत जायची. 'ध'चा 'मा' करायचा म्हणजे एक अक्षर घालवून दुसरे बसवायचे आणि त्याला काना जोडायचा. अशा सलग ओळीत एवढे करायला जागा कोठून काढायची? मुलांच्या वह्यांत '१'चा '७' होतो, 'नापास'मधला 'ना' पुसला जातो. पण पुसलेली जागा बोलतेच. बरे, हा कागद इतिहास-संशोधकांपुढे कधी आलेलाच नाही. जो कागद कोणी पाहिला नाही, त्यातली खाडाखोड मात्र लहान पोरालाही ठाऊक आहे.

आणि जे कागदोपत्री आहे ते काय सांगते? रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली आणि मुख्य दोष राघोबादादांकडे आहे असे ठरवले. दादांच्या तोंडावर ते सांगितले आणि न्यायाधीशपद सोडून ते निघून गेले. न्यायाधीशाचे बोट धन्याकडे होते. लोकांच्या जिभेने ते वळवून धनिणीकडे केले.

असे का झाले असावे, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. राघोबादादा साधा माणूस नव्हता. अटकेपर्यंत मराठ्यांची घोडी १७५८ मध्ये गेली ती त्याच्याच नेतृत्वाखाली. आपल्या अभिमानाच्या गोष्टीतला नायक पुतण्याच्या खुनाचा मालक निघावा, हे मनाला रुचत नाही. मग त्याच्या वाट्याला 'धरावे' एवढा अर्धा गुन्हा ठेवला, आणि उरलेला अर्धा, 'मारावे'चा, बायकोच्या पदरात घातला. जनरीतीने हा निवाडा सोपा होता. आनंदीबाई ओकांच्या घरची, कोकणातली मुलगी. १७८३ मध्ये कोपरगावी दादा वारले, आणि त्यानंतर सुमारे १० वर्षे विधवापणात काढून त्या १७९४ मध्ये वारल्या. त्या कारस्थानी होत्या की नव्हत्या, यावर मी शपथ घेणार नाही. पण न पाहिलेल्या कागदावरून सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ आपण एका बाईला शिक्षा भोगायला लावतो आहोत, आणि ती शिक्षा एका वाक्प्रचाराची आहे, जिला मुदत नाही, माफी नाही.

गंमत अशी की ही गोष्ट एकट्या मराठीची नाही. इंग्लंडचा राजा दुसरा एडवर्ड १३२७ मध्ये बर्कली येथील किल्ल्यात कैदेत मेला. तिकडेही कथा सांगतात की, त्याच्या पहारेकऱ्यांना लॅटिनमध्ये एक ओळ आली. तिच्यात विरामचिन्ह नव्हते. अलीकडे थांबले तर 'राजाला मारू नका' आणि पलीकडे थांबले तर 'मारायला भिऊ नका'! ही ओळ अ‍ॅडम ऑर्ल्टन या धर्मगुरूने पाठवली असे म्हणतात. आणि तो धर्मगुरू तर त्या वेळी दूर फ्रान्समध्ये, अ‍ॅव्हिन्यॉं येथे पोपच्या दरबारी होता. दोन देश, दोन शतके, दोन खून. पण युक्ती एकच. माणसाने केलेल्या कृत्याचा भार अक्षरावर टाकायचा, आणि ते अक्षर लिहिणारा हात आपल्याला नावडता असेल त्याचा ठरवायचा.

आज 'ध चा मा' आपण किती हलकेपणाने वापरतो! बाजारातून धने आणायला सांगितलेल्या नवऱ्याने मेथी आणली की 'ध चा मा' झाला. शब्दातले रक्त वाळून गेले. आनंदीबाईंचे नाव मात्र त्याच्या काठाला राहिले आहे.

*

दुसरा शब्द, माझ्या लिहिण्याच्या धंद्यातला, 'मुद्राराक्षस'. छापण्यात काही उलटेसुलटे झाले की संपादक हात वर करून म्हणतात, मुद्राराक्षसाची लीला! वास्तविक हे विशाखदत्ताच्या संस्कृत नाटकाचे नाव. त्यात राक्षस म्हणजे शिंगे-दात असलेला कोणी नव्हे. नंदांचा स्वामिनिष्ठ अमात्य, नावाने राक्षस. आणि मुद्रा म्हणजे त्याची शिक्क्याची अंगठी. ती अंगठी चाणक्याच्या हाती लागते आणि तिच्या बळावर तो राक्षसाला बांधून घेतो. पुढे मराठीत छापखाने आले, मुद्रा म्हणजे छाप, तेव्हा छापखान्यात बसणारा तो मुद्राराक्षस, अशी कोटी झाली. इंग्रजी छापखान्यातही पोरसवदा उमेदवाराला सैतान म्हणण्याची रीत होतीच. एका सज्जन, इमानी प्रधानाचे नाव असे चुकांच्या देवतेला मिळाले. कूळ शोधल्यावर दिसते की या शब्दातही एका निरपराध्याला गोवलेले आहे!

मराठी छापायला लागून दोनशे वर्षे उलटून गेली. १८०५ मध्ये विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण श्रीरामपूरला, बंगालमध्ये, छापले गेले. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर पंचांग छापले. १८६९ मध्ये जावजी दादाजींनी निर्णयसागर काढला, आणि त्या छापखान्याची शुद्ध छपाईबद्दल देशभर ख्याती झाली. तेथपासून अलीकडेपर्यंत शिशाचा एकेक खिळा हाताने उचलून ओळ जुळवणारे जुळारी होते. आरशात दिसावी तशी उलटी अक्षरे, रात्रीचा दिवा, लेखकाचे कुत्र्यामांजराच्या पायांसारखे हस्ताक्षर, आणि वरून संपादकाचा तगादा. दहा हजार खिळे बरोबर बसले तर कोणी शाबासकी देत नसे. एक चुकला की शुद्धिपत्रक!

१६३१ मध्ये लंडनला बायबलची एक आवृत्ती निघाली. दहा आज्ञांपैकी सातवी व्यभिचार न करण्याची. छापताना त्यातला 'नको' तेवढा गळला. देवाची आज्ञा उलटी झाली! रॉबर्ट बार्कर आणि मार्टिन लूकस या मुद्रकांना ३०० पौंडांचा दंड बसला. त्या काळी ती रक्कम माणसाचे कंबरडे मोडणारी होती. पुस्तकाची नवलाई आजही सांगितली जाते. पण तो 'नको' गाळणाऱ्या जुळाऱ्याचे नाव कोणाला ठाऊक आहे?

छापखान्याच्या आधी हाच संसार लेखनिकांचा होता. आमच्या वाशीम जिल्ह्यात कारंजा लाड हे जुने, नामांकित गाव आहे. दत्तभक्तांना ते नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून ठाऊक. पण तेथील जैन मंदिरांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेली हस्तलिखिते हेही गावाचे धन आहे. डॉ. हिरालाल जैन आणि डॉ. प. ल. वैद्य यांच्यासारख्या पंडितांनी १९३०च्या दशकात या भांडारांच्या आधाराने अपभ्रंश भाषेतले लोपलेले ग्रंथ छापून जगापुढे आणले. आपल्या मराठीच्या आईची बोली म्हणजे ही अपभ्रंश. तिला 'अपभ्रंश', म्हणजे बिघडलेली, ढळलेली, हे नाव पंडितांनीच दिलेले! एका अख्ख्या भाषेलाच चूक म्हणून टाकले, आणि त्या चुकीतून आपण सारे जन्मलो.

जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिकाची एक विनवणी पुष्कळदा आढळते. जसे पाहिले तसे उतरवले, शुद्ध असो की अशुद्ध, मला दोष देऊ नका. पाठ, मान, कंबर मोडून लिहिले आहे, तेव्हा पोथी जपून वापरा, अशा अर्थाची. ती वाचली की मला ब्लूपरचा तो शेजारी आठवतो. आवाज माझ्या घरातून आला, पण कळ मी पिळली नाही, हेच तो सांगत असतो.

आणि चूक पिढ्यांमागून पिढ्या उतरत गेली तर काय होते, हे एकनाथांनी ओळखले. नकला करणाऱ्यांच्या हातून ज्ञानेश्वरीत पाठभेद शिरले, म्हणून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ मध्ये, त्यांनी प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला आणि पुढच्यांनी आपल्या ओव्या त्यात घालू नयेत अशी ताकीद दिली. त्यांनी लेखनिकांना शिव्या दिल्या नाहीत. ते बसले आणि त्यांनी काम केले. चूक सुधारण्याचा याहून सभ्य मार्ग मला ठाऊक नाही.

*

आता आमच्या वाशीमची गोष्ट सांगतो. एका गावाला, नव्हे एका राजवंशाला, वाचनातल्या चुकीने कसे झाकून टाकले होते त्याची ही गोष्ट आहे, आणि ती आमच्या मुलांनाही सहसा ठाऊक नसते.

वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. वत्स ऋषीशी त्याचा संबंध जोडणारी कथा आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रात वत्सगुल्माचा उल्लेख येतो. राजशेखराने तर काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न वत्सगुल्म नगरातच लावून दिले आहे. साहित्याचे लग्न ज्या गावात लागले त्या गावात आम्ही राहतो, आणि रस्त्यावरच्या खड्ड्यांविषयी कुरकुरतो! वत्सगुल्माचे प्राकृतात वच्छोम झाले, त्याचे घासून घासून वाशीम झाले, इंग्रजांच्या कागदांत ते बासीम झाले. १९०५ पर्यंत बासीम हा वेगळा जिल्हा होता. मग तो अकोल्यात गेला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा म्हणून पुन्हा उभा राहिला.

एवढ्या नावलौकिकाच्या गावात राज्य कोणाचे होते? वाकाटकांचे, एवढे मोघम माहीत होते. वाकाटकांची वंशावळ चम्मक आणि शिवनी येथील ताम्रपटांवरून जुळवलेली होती, आणि ते ताम्रपट विदर्भातल्याच दुसऱ्या शाखेचे. अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यात मोठा शिलालेख आहे. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने तो कोरवला. त्यात राजांची नावे क्रमाने दिलेली आहेत. पण पावसापाण्याने आणि काळाने लेख झिजला आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रथम लोकांपुढे आणला. पुढे ब्यूलर या जर्मन पंडिताने १८८३ मध्ये त्याचे वाचन प्रसिद्ध केले. ब्यूलर म्हणजे साधा माणूस नव्हे. जुन्या लिप्यांच्या वाचनात त्याचा शब्द प्रमाण. पण झिजलेल्या जागी त्याला जे नाव दिसले ते ओळखीच्या वंशावळीतले, पृथ्वीषेण. अक्षरे पुसट असली की डोळा पाहत नाही, आठवतो. वर्गात मोठ्याने वाचणारे पोर पुढचा शब्द न पाहताच ठोकून देते, तसेच हे.

परिणाम काय झाला? वत्सगुल्माचे राजे पाटीवरून पुसले गेले. ते नव्हतेच, असे नाही; ते दुसऱ्यांच्या नावाखाली दडून गेले. पन्नासाहून अधिक वर्षे असे चालले.

मग १९३९ मध्ये वाशीमला ताम्रपट सापडला. यवतमाळचे य. खु. देशपांडे आणि त्यांचे सहकारी महाजन यांनी तो प्रसिद्ध केला. वत्सगुल्माहून सोडलेले ते दानपत्र. राजा विंध्यशक्ती, त्याचा बाप सर्वसेन, आजा पहिला प्रवरसेन. राज्याचे सदतिसावे वर्ष. नंदीकट, म्हणजे आजचे नांदेड, त्याच्या उत्तर भागातले आकासपद्द नावाचे गाव दान दिलेले. वंशाची हकीकत संस्कृतात आणि दानाचा व्यवहार प्राकृतात. हा तपशील मला फार आवडतो. पूर्वजांचा मोठेपणा पंडितांच्या भाषेत, पण जमिनीचा व्यवहार लोकांना समजेल अशा भाषेत!

हा ताम्रपट हाती आल्यावर नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याचा लेख पुन्हा बारकाईने पाहिला. पृथ्वीषेण नव्हे, विंध्यसेन. आणि त्याच्या आधी सर्वसेन. दगडावर ती नावे होतीच. प्रवरसेनाच्या मागे राज्याची वाटणी झाली, आणि सर्वसेनाने वत्सगुल्माला वेगळी गादी मांडली, हे स्पष्ट झाले. हा सर्वसेन स्वतः कवी. 'हरिविजय' हे त्याचे प्राकृत काव्य. आनंदवर्धनासारख्या काश्मीरच्या काव्यज्ञाने त्याचा उल्लेख केलेला आहे. काव्य आज हाती नाही. पण कवीला त्याचे गाव आणि गादी परत मिळाली. पुढे वाशीमजवळ हिस्से बोराळा येथे देवसेन राजाच्या काळचा शिलालेख सापडला, शके ३८० चा, म्हणजे ४५८ चा. त्यात सुदर्शन नावाच्या तळ्याची नोंद आहे. मिराशींनी १९६३ मध्ये वाकाटकांचे सारे कोरीव लेख एका ग्रंथात एकत्र केले, आणि आमचे वत्सगुल्म इतिहासात पुन्हा आपल्या जागी बसले.

या प्रकरणात एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. मिराशींनी ब्यूलरला मूर्ख ठरवले नाही. त्याच्या वेळी वाशीमचा ताम्रपट जमिनीत होता. जे जमिनीत आहे ते त्याने कोठून पाहावे? चूक दाखवली, कारण दाखवले, आणि नवा पाठ पुढे ठेवला. आनंदीबाईंच्या नशिबी असा ताम्रपट नाही. पण निदान 'कागद कोठे आहे?' एवढे विचारणारा तरी त्यांच्या वाट्याला यायला हरकत नव्हती.

*

मास्तरकीत हा विचार मला रोज उपयोगी पडतो. मुलगा लिहितो, 'आम्ही स्वातंत्र्य दीन उत्साहाने साजरा केला.' एका वेलांटीने दिवस दीनवाणा झाला! मी हसतो, मुलेही हसतात, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा तो धडा जन्मभर लक्षात राहतो. पण दुसरा मुलगा लिहितो, 'माय पानी आनाले गेली.' तेथे माझी लाल शाई थबकते. वऱ्हाडी घरात 'ण'चा 'न' होतो आणि 'काळा'चा 'काया' होतो. त्या मुलाने ऐकण्यात चूक केलेली नाही. त्याने आपल्या आईचे बोलणे कारंज्याच्या लेखनिकासारखे जसेच्या तसे उतरवले. छापील मराठी वेगळी आहे हे त्याला शिकवणे माझे काम आहे; पण त्याच्या आईची बोली ही चूक आहे असे त्याला शिकवणे माझे काम नाही. वत्सगुल्माचे वाशीम झाले तेही असेच कोणाच्या तरी तोंडात झाले असणार, आणि त्या वेळी एखादा पंडित नाक मुरडून बसला असणार.

तेव्हा चुकांतही जाती आहेत. एक चूक अज्ञानाची. ती शिकवून जाते. एक घाईची, ती प्रूफ तपासून जाते. एक नुसती चूक वाटते, पण ती भाषेची चाल असते. तिला जागा द्यावी. आणि एक चूक मुद्दाम दुसऱ्याच्या माथी मारलेली असते. तिला चूक म्हणू नये. तिला अन्याय म्हणावे, आणि तिचे कूळ जरूर शोधावे.

आता खुद्द 'चूक' या शब्दाचे कूळ सांगून पुरे करतो. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्र नावाचे थोर जैन आचार्य होऊन गेले. त्यांनी प्राकृताचे व्याकरण रचले. संस्कृतातल्या 'भ्रंश' या धातूला, म्हणजे ढळण्याला, घसरण्याला, लोकांच्या बोलीत कोणकोणते शब्द आहेत ते त्यांनी एका सूत्रात ओवून ठेवले आहे. त्यात 'चुक्क' आहे, 'भुल्ल' आहे आणि 'फिट्ट'ही आहे. आपली चूक, आपली भूल आणि आपले फिटणे अशी तिन्ही भावंडे एकाच सूत्रात शेजारी शेजारी बसलेली!

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेठेतले दुकानदार नव्या वह्या मांडतात, हळदकुंकू वाहतात, पहिल्या पानावर 'श्री' काढतात. कीर्द-खतावणीच्या त्या व्यवहारात मराठी माणसाने एक शहाणपणाची ओळ कधीपासून लिहून ठेवली आहे. हिशेबाच्या तळाशी, बिलाच्या कोपऱ्यात, ती बारीक अक्षरांत असते: चू. भू. द्या. घ्या. चूकभूल द्यावी घ्यावी. 'माफ करावी' असे तीत नाही, आणि 'दुसऱ्यावर ढकलावी' असेही नाही. माझ्याकडून तुमचे जास्त घेतले गेले असेल तर मी परत देईन. कमी घेतले असेल तर तुम्ही आणून द्या. चूक दोघांची, आणि ती दुरुस्त करण्याची जबाबदारीही दोघांची. यापेक्षा मोठे नीतिशास्त्र मला तरी कोणत्या पोथीत आढळलेले नाही.

आणि असे देणे-घेणे झाले की हेमचंद्रांच्या सूत्रातले तिसरे भावंडही कामाला येते. चूक झाली, भूल पडली, तरी देणे फिटते. वाचकहो, ही दिवाळी तुम्हांला अशीच जावो: नव्या वहीची, आणि जुने देणे फिटल्याची.